पू काढला, तर कल्चरही करा

'अँटिबायोटिकने प्रोस्टेटमधलं (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीतलं) गळू जिरतं, सुई कशाला' हे इथल्या चर्चेतलं म्हणणं अगदी लहान गळवांपुरतंच खरं. माझ्या काकांना मधुमेह आहे. 3 दिवस शिरेतून औषध देऊनही थंडीताप हटेना, लघवी तुंबली. गुदमार्गातून सोनोग्राफी केली, पू दिसला आणि पडद्यावर बघतच सुईने काढला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. केवढा जीव भांड्यात पडला आमचा!

पण तो पू कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवायलाच हवा, हे इथे कुणी लिहिलं नाही. बहुधा ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला हा जंतू निघतो. मात्र किनारपट्टीवर, पावसाळ्यात, मधुमेह असलेल्यांत मेलिऑइडोसिसही (माती-पाण्यातल्या एका जंतूमुळे होणारा आजार) असू शकतो. त्याची औषधं वेगळी, आणि इंजेक्शनं संपल्यावर गोळ्या निदान 3 महिने. लॅबला हा संशय आधीच कळवा, नाहीतर तो जंतू स्यूडोमोनास हा दुसराच जंतू समजला जाऊ शकतो.