मदत हवी आहे: बाबांना कोळी चावला असं सगळे म्हणतायत, मला खात्री वाटत नाही

लाल_माती
मी ठाण्याला असते, आईबाबा संगमेश्वरजवळच्या गावी. बाबा 68 वर्षांचे. लावणी आटपल्यावर रविवारी त्यांनी पडवीतली जळाऊ लाकडं हलवली, तेव्हा भाऱ्याखालून तळहाताएवढा कोळी निघाला आणि भिंतीवर चढला. पोटाखाली पांढरी चपटी गोळी धरलेला. सोमवारी संध्याकाळपासून बाबांच्या उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली. मंगळवारी ठणका पाठीपर्यंत गेला, पण कातडीवर काहीच नव्हतं. आईला वाटलं, लाकडं उचलताना लचक भरली असेल. काल बुधवारी सकाळी लाल चट्टा दिसला, त्यावर मोहरीएवढे पाण्याचे फोड. आज ते वाढलेत. सदरा टेकला तरी सहन होत नाही.

वाडीत सगळ्यांचं एकच मत आहे, कोळी मुतला. शेजारच्या काकांनी काव उगाळून लावायला दिलीय आणि घरातले दिसतील तेवढे कोळी झाडूने मारलेत. बाबा दवाखान्यात जायला तयार नाहीत. कोळ्याच्या विषाने असं होतं का? त्यावर काही इंजेक्शन असतं का? घरात वहिनीला सहावा महिना आहे, तिचीही काळजी वाटते. फोटो इथे चढत नाहीये. कृपया लवकर सांगा.

पाणवठा
आमच्याकडे कोकमाचं पाणी लावायचे, दोन दिवसांत बरं वाटायचं. घाबरू नका ताई.

लाल_माती
आईने कालच लावलं. पित्त उठतं तेव्हा त्याने आराम पडतो, या वेळी आग जास्तच झाली म्हणतात.

आठ_पाय
तुम्ही सांगितलेला कोळी बहुधा घराघरात असतो तोच. जाळं विणत नाही, रात्री भिंतींवर फिरून झुरळं धरतो. ती पांढरी गोळी म्हणजे अंड्यांची पिशवी, मादी ती पोटाखाली घेऊन फिरते. हाताखाली दाबला गेला तर चावतो, दुखतं, थोडी सूज येते आणि उतरते. पण चावल्याचं त्याच क्षणी कळतं. आणि कोळी मुतल्याने फोड येत नाहीत. त्याचं विष दातांतून येतं, लघवीतून नाही.

सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत, त्यांचा चावा मात्र खरोखर त्रास देतो. अंगात पेटके येतात. तरी असा फोडांचा पट्टा त्यानेही उठत नाही.

दोष कोळ्याच्या माथी फार पटकन मारला जातो, याचं मला वाईट वाटतं. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका घरात सहा महिन्यांत 2,055 ब्राउन रेक्लूज कोळी पकडले गेले. तिथला हा विषारी म्हणून सर्वांत बदनाम कोळी. त्या घरातल्या चौघांपैकी एकालाही चावा झाला नव्हता. ऑस्ट्रेलियात तर चावलेला कोळी प्रत्यक्ष हाती आला अशा 750 चाव्यांचा अभ्यास 2002 मध्ये छापून आला, त्यात एकाचीही कातडी सडलेली नव्हती.

आता तीन गोष्टी सांगा. बाबांना काही चावल्याचं जाणवलं का? फोड एकाच बाजूला आहेत का? आधी दुखणं की आधी फोड?

लाल_माती
आत्ताच आईला फोन केला. चावल्याचं काही जाणवलं नाही. फोड फक्त उजव्या बाजूला, बरगडीखालून पाठीच्या कण्यापर्यंत पट्टा, मध्यरेषेवर थांबलाय. दुखणं दीड दिवस आधी.

वसतिगृह_७
आमच्या होस्टेलला दर पावसाळ्यात असे चट्टे यायचे आणि आम्हीही कोळ्यालाच शिव्या द्यायचो. तो एक मुंगीसारखा काळा-नारिंगी किडा निघाला, ट्यूबलाइटच्या उजेडाला येतो. चावत नाही. अंगावर चिरडला की त्याच्या शरीरातल्या द्रव्याने दुसऱ्या दिवशी चटका बसल्यासारखी रेघ उठते. कोपराच्या घडीत आला तर दोन्ही बाजूंना सारखाच डाग पडतो. असा किडा अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणाने धुवा. पण त्यात दीड दिवस आधी ठणका लागत नाही, म्हणून बाबांचं मला वेगळं वाटतंय.

साधी_डॉक्टर
मी जनरल प्रॅक्टिस करते. रुग्ण न पाहता निदान करता येत नाही, पण तुमच्या वर्णनावरून मनात पहिली येते ती नागीण. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की त्याच एका मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून एकच बाजू, म्हणून पट्टा, म्हणून आधी आग आणि मग फोड.

घाई करा. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत चांगला उपयोग होतो. बुधवारी सकाळी फोड दिसले, म्हणजे शनिवार सकाळपर्यंत. शनिवारची वाट पाहू नका, उद्याच न्या. काव, हळद, चुना काही लावू नका. फोड फोडू नका, ब्लेडने चिरून रक्त काढायला तर कुणालाच देऊ नका. 2012 मध्ये आसाममधल्या सदियात कोळी चावल्याची घबराट पसरली, तेव्हा लोकांनी भगताकडून असं चिरून घेतलं होतं. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले असते तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. साखर तपासून घ्या.

वऱ्हाडी_वाट
एक बघून घ्या, ताप आणि अंगावर कुठे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली नाही ना? 2018 ला आमच्या नागपूरकडे स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, पसरला होता. त्या खपलीलाही लोक कोळ्याचा चावा समजतात. उपचार वेगळा आहे.

लाल_माती
ताप नाही, खपली नाही. पण नागीण हा शब्द मी फोनवर उच्चारला आणि बाबा जास्तच घाबरले. त्यांच्या डोक्यात आहे की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस जातो, आणि इंजेक्शन दिलं की ती आत शिरते. आता ते कुणाशी बोलतच नाहीयेत. आई रडतेय. मी उद्या पहाटेची गाडी पकडतेय, पण त्यांना कसं समजावू?

जुनं_घर
तोंड-शेपूट भेटत नाही, कारण तो पट्टा एका बाजूच्या एका मज्जातंतूचा असतो. पण त्यांच्याशी यावर वाद घालू नका. माझ्या आईच्या वेळी मी वाद घातला, तिने हट्टाने दहा दिवस उतरवून घेण्यात घालवले. फोड सुकले, खपल्या पडल्या आणि दुखणं राहिलं. आठ महिने तिला त्या बाजूवर झोपता आलं नाही, साडीचा पदर तिथे टेकला तरी कळवळायची. वेळेत नेलं असतं तर कदाचित इतकं झालं नसतं, हे मला अजून खातं.

बाबांना एवढंच सांगा की दुखणं राहू नये म्हणून गोळ्या घ्यायच्यात, इंजेक्शन नाही. आणि दवाखान्यात तुम्ही स्वतः त्यांच्या शेजारी बसा. माणूस आजाराला नाही, एकटं पडायला घाबरतो.

लाल_माती
शुक्रवार, दुपारी. नेलं. तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, दुखणं राहू नये म्हणून गोळ्या. बाबा इतकंच म्हणाले, "इंजेक्शन नाही ना?" आणि चपला घातल्या. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सदरा वर करून बघताक्षणी नागीण सांगितलं. सात दिवसांच्या गोळ्या, दिवसातून पाच वेळा, शिवाय दुखण्याची एक. साखर वाढलेली निघाली, ती आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. काव हलक्या हाताने धुवून काढली, तेव्हा बाबांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

काकांनाही शांतपणे सांगितलं, कोळ्याने काही केलं नव्हतं. ते बराच वेळ गप्प बसले.

साधी_डॉक्टर, वहिनीला इथे राहू द्यावं का? लागण होते का?

साधी_डॉक्टर
वेळेत नेलंत, फार बरं वाटलं. नागीण नागीण म्हणून लागत नाही. पण फोडांतल्या पाण्याच्या संपर्काने, ज्यांना कांजिण्या कधी झाल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्यांना कांजिण्या होऊ शकतात. गरोदरपणात ते टाळायलाच हवं. तोवर फोड कापडाने झाकलेले ठेवा, टॉवेल आणि अंथरूण वेगळं, हात धुवा. सगळ्या फोडांवर खपली धरली की धोका संपतो. वहिनींना लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, एवढं आधी विचारा. खात्री नसेल तर त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा.

लाल_माती
वहिनीने तिच्या आईला फोन लावला. चौथीत असताना आल्या होत्या, परीक्षा बुडाली होती म्हणून त्यांना पक्कं आठवतंय. तरी तिच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेते. तोवर ती माजघरात झोपेल, बाबा पडवीत. आईने त्यांच्यासाठी जुना मऊ मलमलचा सदरा काढलाय.