जठराचा कॅन्सर: प्रथिनांवरून काढलेला आयुष्याचा अंदाज रिपोर्टमध्ये असावा का?

स्लाइडवाली:
जठरातली गाठ काढली की आम्ही पॅथॉलॉजीवाले स्टेज लिहितो: गाठ भिंतीत किती खोल गेली, किती लसिकाग्रंथींत पोचली. तरीही एकाच स्टेजच्या दोघांपैकी एकाचा आजार लवकर उलटतो आणि दुसरा वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो. यातलं काही गाठीतली प्रथिनं सांगतात. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं. गाठीचा काप रंगवून तपासताना त्यातलं एखादं गाठीच्या पेशींत रंगलंच नाही, म्हणजे हरवलेलं असलं, तर ऑपरेशननंतरचं भवितव्य सहसा बरं असतं. अशा प्रथिनांचा संच तपासून जगण्याचा अंदाज प्रत्येक रिपोर्टमध्ये द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आकडेमोड:
अजिबात पटलं नाही. या चार प्रथिनांबद्दल वाद नाही, पण संच बनतात कसे ते बघा. जुने नमुने घ्यायचे, शेकडो प्रथिनं मोजायची आणि प्रथिन 'जास्त' आणि 'कमी' असलेल्या रुग्णांच्या जगण्याचे दोन आलेख एकमेकांपासून लांब जाईपर्यंत 'जास्त-कमी'ची सीमारेषा सरकवत राहायची. शंभर निरुपयोगी प्रथिनं संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ०.०५ च्या (म्हणजे शंभरात पाच चुकीचे होकार चालवून घेणाऱ्या) कसोटीला लावली तरी सरासरी पाच नुसत्या योगायोगाने 'महत्त्वाची' ठरतात. दुसरीकडच्या रुग्णांवर तोच संच लावला की फरक विरतो. सीमारेषा कशी ठरवली, किती रुग्ण वगळले, हे उघड लिहा असं रिमार्क नियमावली (अशा अभ्यासांचे लेख कसे लिहावेत याची) २००५ पासून सांगते आहे. तरी कितीतरी लेखांत ते सापडत नाही.

स्लाइडवाली:
मग हर-२ चं काय? २०१० च्या टोगा चाचणीत गाठीच्या पेशींवर हर-२ हे प्रथिन जास्त असलेल्यांना केमोसोबत त्यावरचं औषध ट्रॅस्टुझुमॅब दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं.

आकडेमोड:
ते औषध कोणाला लागू पडेल याचं उत्तर झालं. रुग्ण किती जगेल हा प्रश्नच वेगळा, आणि त्यावर हर-२ बद्दल अभ्यासांचं एकमत नाही. क्लॉडिन १८.२ या दुसऱ्या प्रथिनाचंही तेच. ७५ टक्के पेशी मध्यम ते गडद रंगल्या तर त्यावरच्या झोल्बेटुक्सिमॅब या औषधाचा विचार होतो. ती रेषा औषधासाठी आखलेली आहे.

स्लाइडवाली:
दोन्ही प्रश्न इतके सुटे नाहीत हो. दुरुस्तीची प्रथिनं हरवलेल्या रुग्णांची चार चाचण्यांतली माहिती २०१९ मध्ये एकत्र तपासली गेली. त्यांचं भवितव्य बरं होतंच, शिवाय ऑपरेशनच्या जोडीने दिलेल्या केमोचा त्यांना फायदा दिसला नाही. हे आधी कळलं तर एखाद्याचा विनाकारण होणारा त्रास वाचेल.

काचपट्टी:
मीही रोज हेच काम करतो, पण माझं मत आकडेमोड यांच्या बाजूने. जठरात हर-२ ठिपक्याठिपक्यांनी रंगतं. बायोप्सीच्या एका तुकड्यात ३+, म्हणजे सर्वात गडद, शेजारचा कोरा. रंग पेशीच्या बुडाला आणि बाजूंना चढतो, वरची कड रिकामी, म्हणजे इंग्रजी 'यू' सारखा आकार. स्तनाच्या गाठीची सवय असलेला तज्ज्ञ इथे फसू शकतो. एका प्रथिनाची ही तऱ्हा, तर वीस प्रथिनांच्या बेरजेवर भरवसा कसा ठेवायचा?

वाटसरू:
मी रुग्णाची मुलगी. वडिलांच्या वेळी सगळे 'बघू' म्हणत राहिले. अंदाज कच्चा असला तर कच्चा आहे असं सांगून द्या, पण द्या. केमो घ्यायची की घरी राहायचं, हे आम्हालाच ठरवायचं असतं.

आकडेमोड:
ताई, तुमचा हक्क मान्यच. म्हणूनच माझी अट आहे: सूत्र आणि सीमारेषा आधी जाहीर करा, मग संच बनवणाऱ्यांशी संबंध नसलेल्या रुग्णालयांत तपासा, आणि नुसत्या स्टेजपेक्षा अंदाज किती सुधारला ते दाखवा. तोवर तुमच्या हातात तो आकडा द्यायला माझा विरोध राहील.

स्लाइडवाली:
अट मान्य. पण दुरुस्तीच्या चार प्रथिनांना 'तोवर' लावू नका. ती आजच प्रत्येक रिपोर्टमध्ये हवीत.