नेत्याच्या पीएच्या घरातले कागद: घराण्याचे की सगळ्यांचे?

पांझराकाठ (धुळे)

आमच्या नात्यातल्या एका घरी माडीवर दोन लोखंडी पेट्या आहेत. त्या घरातले आजोबा जिल्ह्यातल्या एका आमदारांचे पीए होते, उभी हयात त्यांनी त्यात घालवली. आमदार गेले, मागोमाग आजोबाही गेले. आता वाडा पाडून नवं घर बांधायचंय. पेट्यांवरून भावाभावांत दोन तट पडलेत. एक म्हणतो जाळून टाका, दुसरा म्हणतो जुने कागद जपणाऱ्या आपल्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी देऊन टाका. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. का, ते सांगतो.

फ्रान्सेस स्टीव्हन्सन ही लॉईड जॉर्ज यांची खासगी सचिव. लॉईड जॉर्ज १९१६ ते १९२२ ब्रिटनचे पंतप्रधान होते. जालियनवाला बाग घडली तेव्हा तेच, १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हाही तेच. फ्रान्सेस १९११ साली त्यांच्या धाकट्या मुलीला शिकवायला घरी आली. १९१३ पासून सचिव झाली आणि सोबतीणही. त्यांची पत्नी मार्गारेट १९४१ मध्ये वारली, १९४३ मध्ये या दोघांनी लग्न केलं, १९४५ मध्ये ते गेले. त्यांचे राजकीय कागद फ्रान्सेसच्याच हाती आले. ते तिनं वृत्तपत्रमालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांना विकले आणि पुढे ते ब्रिटिश संसदेच्या अभिलेखागारात गेले. तिच्या घराण्याचे खासगी कागद मात्र वेगळे राहिले. ते वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

मला मोलाचे वाटतात ते हे दुसरे कागद. १९१५ साली लॉईड जॉर्ज दारूगोळा खात्याचे मंत्री झाले. त्याच वर्षी फ्रान्सेसचा भाऊ पॉल लढाईत मारला गेला. एकाच बाईच्या घरात मृत्यूची बातमी येते आणि ती कचेरीत बसून तोफगोळ्यांचा पत्रव्यवहार सांभाळते. सरकारी फायलीत यातलं अर्धंच सापडतं. आपल्याकडच्या पीएंचंही तेच आहे. त्यांचं घर आणि साहेबांचं राजकारण कधी वेगळं नव्हतं. मग कागद तरी वेगळे कसे करायचे?

शिरपूरची लेक

दादा, तुमचा जीव इतिहासात आहे हे कळतं, पण मला हे पटत नाही. फ्रान्सेसनं १९६७ मध्ये स्वतःचं आत्मचरित्र छापलं. तिची रोजनिशी १९७१ मध्ये आली तेव्हाही ती हयात होती. आपलं काय बाहेर काढायचं ते तिनं ठरवलं. मार्गारेटला कुणी विचारलं? फ्रान्सेसच्या मुलीबद्दल विचार करा. तिला कागदोपत्री दत्तक घेतलं होतं, आणि तिचा बाप कोण यावर लोक आजही लिहितात. त्या लेकीला आयुष्यभर हे झेलावं लागलं.

हे लंडनमध्ये झालं. आपल्या तालुक्यात आडनाव झाकलं तरी गल्लीवरून घर ओळखतात. एखाद्या पत्रात कुण्या बाईचं नाव नुसतं जिव्हाळ्यानं आलं असेल, तरी तिच्या नातीच्या सोयरिकीत ते निघेल. संशोधक पुण्याला निघून जाईल, बोलणी बाईच्या घरात राहतील. आजोबांनी पेट्यांना कुलूप लावलं होतं ना? ती त्यांची इच्छाच समजा.

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, कुलूप उंदरांसाठीही लावतात, चोरांसाठीही. त्यावरून इच्छा कशी ठरवणार?

आपल्या मातीतलंच उदाहरण देतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. शेजारी लिहिणारा माणूस नसता तर ती तिथेच विरली असती. महादेवभाई देसाईंचं तसंच. १९१७ पासून ते गांधीजींचे सचिव, १५ ऑगस्ट १९४२ ला आगाखान पॅलेसमध्ये गेले. त्यांच्या रोजनिश्या पुढे छापल्या गेल्या म्हणून गांधीजी रोज कुणाशी काय बोलत, कुणावर रागावत, हे आज वाचायला मिळतं. मोठ्या माणसाची सही सगळे जपतात, पण त्याच्या शेजारी बसणाऱ्याची वही रद्दीत जाते. खान्देशात तर फारच. १९३६ च्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासाठी राबलेल्या कितीक माणसांच्या घरी त्या दिवसांचा कागद आज उरला असेल?

शिरपूरची लेक

विनोबा सगळ्या कैद्यांसमोर बोलले, ते सर्वांसाठीच होतं. महादेवभाई गांधीजींच्या माहितीनं लिहीत. बायकोनं नवऱ्याला लिहिलेलं पत्र कुणासाठी असतं? या दोन गोष्टी एका मापानं मोजू नका.

दप्तरदार

मी दप्तरखान्यात काम केलंय. या वादात एक तिसरा पक्ष आहे, त्याचं कुणी बोलत नाही. पीएच्या पेटीत साहेबांची आणि घरची पत्रं थोडी असतात. ढीग असतो तो अर्जांचा. १९७२ च्या दुष्काळात काम मागणाऱ्यांचे, मुलाला नोकरी लावा म्हणणाऱ्यांचे, नवरा मारतो म्हणून बदली द्या असं विनवणाऱ्या मास्तरणीचे, दवाखान्याला पैसे मागणाऱ्यांचे. ही माणसं आमदाराला भेटायला घाबरायची, पण पीएच्या ओट्यावर बसून मन मोकळं करायची. खान्देशच्या गोरगरिबांचा इतिहास कुठे लिहिलेला असेल तर तो या अर्जांत. आणि सगळ्यांत जास्त अब्रूही त्यांचीच पणाला लागलेली आहे. त्यांची परवानगी ना पीएनं घेतली, ना त्याचे नातू घेऊ शकतील.

म्हणून जाळायला माझा विरोध, आणि सरसकट उघडं करायलाही. देणगीपत्रात अटी लिहिता येतात: अमुक पुडकी अमुक सालापर्यंत बंद, अमुक कागद घरच्यांच्या संमतीशिवाय दाखवायचे नाहीत. चांगल्या संस्था त्या अटी पाळतात. सरकारी फायली पेटीत निघाल्या तर त्या घराण्याच्या नाहीतच, त्यांना महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख कायदा लागू होतो. त्या आधी बाजूला काढा.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. पुडकी ज्या क्रमानं बांधलेली आहेत तो क्रम मोडू नका, माणूस कसा काम करायचा ते त्या क्रमातच दिसतं. यादी करायची तर क्रमांक पेन्सिलीनं घाला.

चोपडेकर

भाऊ, मना मनमा ऊनं ते सांगस. भीती जाळणाऱ्यांची नाही, निवडणाऱ्यांची आहे. साहेबांचा कुणी वारस उद्या जिल्हा परिषदेला उभा राहिला, तर त्याला गैरसोयीचं तेवढं पेटीतून जाईल आणि हारतुऱ्यांचे फोटो संस्थेकडे पोहोचतील. अर्धी पेटी दिली तर ती खोटी साक्ष ठरते. त्यापेक्षा एकही कागद काढायच्या आधी सगळ्यांची यादी करा, तिच्यावर सगळ्या भावांच्या सह्या घ्या. काय बंद ठेवायचं ते नंतर ठरवा, पण काय होतं ते आधी लिहून ठेवा.

पांझराकाठ (धुळे)

चोपडेकर भाऊंचं यादीचं आजच भावांना कळवतो. पण ताई, माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. घरची पत्रं वेगळी काढून नुसती राजकीय दिली, तर आजोबा पुन्हा साहेबांची सावलीच राहतील. सोयाबीन-कापसाच्या भावावर बैठक चाललीय आणि त्याच तारखेला घरून पत्र आलंय की मुलीची फी भरायची राहिली, हे एकत्र दिसलं तरच तो माणूस समजतो. साहेब मोठे झाले त्याची किंमत कुणाच्या घरानं मोजली, हेही इतिहासात यायला हवं.

शिरपूरची लेक

मग ज्या बाईनं ती किंमत मोजली तिला विचारलंत का? आजी हयात आहेत ना?

पांझराकाठ (धुळे)

आहेत. ऐंशी ओलांडली, वाचता येतं, आठवण शाबूत आहे. भावांनी त्यांना अजून विचारलेलं नाही, दोघंही आपापसांतच भांडतायत. हे व्हायला नको होतं, ताई बरोबर बोलल्या.

शिरपूरची लेक

आणि त्या नाही म्हणाल्या तर?

पांझराकाठ (धुळे)

तर त्यांची पत्रं त्यांच्या हाती. त्यांनी ठेवावीत, वाचावीत, आणि पुढे कुणाला द्यायची तेही त्यांनीच सांगावं. चुलीत घालू नका एवढं मी त्यांना विनवीन, त्यापुढे माझा हक्क नाही. पण अर्जांची पेटी त्यांचीही नाही आणि भावांचीही नाही. ती जाळायला निघाले तर मी दारात आडवा पडेन.

दप्तरदार

आजींकडे जाल तेव्हा पुडकी सोबत न्या. कोणतं पत्र कुणाचं, कोणत्या साली, कुण्या प्रसंगाचं, हे सांगणारं माणूस त्या घरात आता त्यांच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्यांनी संस्थेला द्यायला नकार दिला तरी ओळख तेवढी विचारून घ्या. त्या सांगतील तेवढंच लिहा.