नार्कोलेप्सी: दिवसा झोप आवरत नाही, रात्री टिकत नाही

धागा काढायचं निमित्त नेहमीचाच टोमणा: "तुला काय बाई, कुठेही झोप लागते!" लागते, खरं आहे. पण रात्रीची झोप सलग मिळत नाही, हे सांगून कुणाला पटत नाही. नार्कोलेप्सीच्या टाइप १ प्रकारात मेंदूतल्या ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात. हा पदार्थ १९९८ मध्ये सापडला. तो नसला की जागही टिकत नाही आणि झोपही. साधारण दोन हजारांत एकाला हा आजार असतो, म्हणजे इथेही कुणी ना कुणी असणारच. लिहा, आणि रात्रीबद्दल जरूर लिहा.

चिंगी
मला हसायची भीती वाटते. चुलतभावाच्या लग्नात नाव घेताना त्याची गाडी अडली आणि त्याने चक्क शाळेची प्रार्थना सुरू केली. सगळे हसून लोळले, मी खरोखरच. आधी जबडा सैल पडला, मग मान, मग गुडघे, आणि सरबताच्या ट्रेसकट मी खाली. शुद्ध शाबूत. कुणी कांदा शोधत होतं, कुणी चप्पल हुंगवली, एका काकूंनी "दिवस गेलेत का?" हेही विचारून घेतलं. ऐकू सगळं येत होतं, उत्तर देता येत नव्हतं. मिनिटभरात उठून बसले. त्याआधी कित्येक वर्षं फिट्सच्या गोळ्या चालू होत्या. नंतरच्या न्यूरॉलॉजिस्टनी "हसल्यावरच होतं का?" एवढंच विचारलं आणि कॅटाप्लेक्सी (नार्कोलेप्सीतलं हे हसताना स्नायू सैल पडणं) ओळखली.

निशाचर_नाशिक
स्लीप लॅबमध्ये रात्रभर डोक्याला वायरी, आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी वीस-वीस मिनिटं झोपायला सांगतात, पाचदा. सरासरी आठ मिनिटांच्या आत डोळा लागतो का, आणि लागल्या लागल्या स्वप्नांची झोप (आरईएम) येते का, ते बघतात. एरवी ती यायला तास-दीड तास जातो. मला पहिल्याच डुलकीत आजोळची विहीर दिसली! रात्रीच्या आलेखात मात्र जागच जाग. बायकोने तो कागद जपून ठेवलाय, माझ्या आईला दाखवायला.

दहावीची_आई
लेकाला झोपताना छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं, हलता यायचं नाही. दृष्ट काढून झाली, अंगारा लावून झाला. वर्गात "आळशी" हे नाव पडलं ते वेगळंच. आता मधल्या सुट्टीत खेळाच्या खोलीत वीस मिनिटं झोपू देतात. त्यानंतरचे तास तो खरंच जागा असतो.

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत मला सोडियम ऑक्सिबेट देतात. अतिशय खारट. अर्धा डोस झोपताना, उरलेला अडीच ते चार तासांनी. म्हणजे झोपेच्या औषधासाठी गजर लावून उठायचं! पण रात्र सलग झाली.

मोगरा२२
जागं ठेवणाऱ्या मोडाफिनिल गोळीवर दिवस निभतो. रात्र तशीच, दीडला टक्क जाग.

चिंगी
@मोगरा२२, गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर डॉक्टरांना सांग. मोडाफिनिलने त्यांचा परिणाम कमी होतो. मला हे फार्मसीवाल्या ताईंनी सांगितलं.