नाजूक हाडांची नातवंडं आणि त्यांचे आजी-आजोबा : अनुभव लिहा

राजवाड्याजवळची :
परवा आमच्या गल्लीत एक बारसं होतं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत बायका बाळाला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देत होत्या आणि माझे दोन्ही हात आपोआप पुढे गेले, एक मानेखाली, एक ढुंगणाखाली. बाळ चांगलं धडधाकट होतं. माझ्या हातांची सवय काही जात नाही. घरी आल्यापासून नातीचं लहानपण डोळ्यासमोर येऊन राहिलंय, म्हणून हा धागा.

आमची नात जन्मली तेव्हाच मांडीचं हाड मोडलेलं होतं. तिच्या बारशाला आम्ही पाळण्याखालून नुसता देव्हाऱ्यातला बाळकृष्ण फिरवला. ती आत उशीवर, पाय प्लास्टरमध्ये. आत्याने वाकून कानात नाव सांगितलं. सगळे म्हणत होते, काय सुंदर डोळे आहेत, पांढऱ्यात निळसर झाक! ती झाक हीच खूण आहे, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे हाडं सहज मोडण्याचा जन्मजात आजार. टाइप चार, म्हणजे अगदी सौम्य नाही आणि अगदी तीव्रही नाही.

सून-मुलगा दोघं नोकरीवर, त्यामुळे दिवसभर ती माझ्याजवळ. बाळाला उचलणं मी नव्याने शिकले. काखेत धरून उचलायचं नाही. लंगोट बदलताना पाय धरून वर करायचं नाही, ढुंगणाखाली पंजा सारायचा. बोटं पसरून ठेवायची, म्हणजे कुठे एका जागी दाब येत नाही. बाहीत हात घालताना पिळवटतो, म्हणून माझ्या जुन्या महेश्वरी साडीची झबली शिवली. खांद्यावर बंद, दोन्ही बगलांना बंद. सगळे सोडले की झबलं गादीवर सपाट पसरतं, तिला त्यावर निजवायचं आणि वरून बांधत यायचं. मालिशवाल्या बाई आमच्याकडे दोन पिढ्यांपासूनच्या. हातपाय ओढून तिढा घातल्याशिवाय त्यांचं मालिश पुरं व्हायचं नाही. त्यांना फिजिओथेरपिस्टसमोर बसवलं. त्या बाईंनी नुसता तळहाताने कोमट तेल लावायला शिकून घेतलं, आणि तसं त्यांच्याइतकं हळुवार आमच्यात कुणालाच जमलं नाही.

दोन वर्षांची झाली तेव्हा चालत नव्हती, बसल्या बसल्या सरकायची. पण बोलायला पक्की. पाहुणा दाराशी आला की तिथूनच ओरडायची, "काखेत नाई! खालून!" आमच्या व्याह्यांना तर तिनेच शिकवलं. ते उकिडवे बसायचे, ही सांगायची "आधी डोकं", मग "आता बूड", मग "हां, चल". उचललं की त्यांची टोपी आपल्या डोक्यावर.

आता सातवीत आहे. घरात वॉकर, शाळेत व्हीलचेअर. तुमच्याकडे कुणी असेल तर लिहा. आजी-आजोबांनी तर नक्कीच लिहा, आपलं कुणी विचारत नाही.

पोहेजलेबी :
वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. "हां, चल" 😂 व्याह्यांची टोपी परत मिळाली का?

राजवाड्याजवळची :
@पोहेजलेबी, नाही. अजून तिच्याच कपाटात आहे.

गच्चीवरची :
आमच्याकडे बारशाला आधी वरवंटा फिरवतात. बाळकृष्ण कुणाकडे असतो? माहेरी देवासला वरवंटाच होता.

ग्वाल्हेरची_लेक :
आमच्याकडे दोन्ही. वरवंट्याला टोपडं घालतात. माझ्या आजीने त्याला काजळाची तीटसुद्धा लावली होती.

गच्चीवरची :
टोपडं! बरोबर, आमच्याकडेही होतं. विसरलेच होते.

तिघांचा_बाबा :
माझा धाकटा. टाइप एक, म्हणजे सौम्य, त्यामुळे कळायलाच वेळ लागला. सव्वा वर्षाचा असताना सोफ्याला धरून उभा राहिला, बसला आणि नडगी गेली. पुढे दोन महिन्यांत हात. हात मोडला तेव्हा बाबा त्याला घेऊन दवाखान्यात गेले, मी भोपाळला होतो. तिथे जुना फ्रॅक्चर एक्सरेत दिसल्यावर बाबांना वेगळ्या खोलीत बसवून विचारलं, घरात मुलाला कोण मारतं? छत्तीस वर्षं शिक्षक असलेला माणूस. त्यांनी शांतपणे उत्तरं दिली आणि घरी येऊन जेवले नाहीत.

लेकरांच्या काळजीपोटी डॉक्टरांनी हे विचारायलाच हवं, एवढं मला कळतं. पण विचारायची रीत असते. निदान झाल्यावर बाबांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र लिहून घेतलं, लॅमिनेट केलं आणि शबनममध्ये ठेवलं. नातवाला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी शबनम खांद्यावर. पत्रात आजाराचं नाव, रक्तगट, आणि बाबांच्या सांगण्यावरून एक ओळ जास्तीची : "ब्लड प्रेशरचा पट्टा दंडावर जोरात आवळू नये." नातू आता ते पत्र स्वतःच्या दप्तरात ठेवतो.

शांतनिवांत :
@तिघांचा_बाबा, वाचून गलबलून आलं. बाबांना नमस्कार सांगा.

मालवी_फिजिओ :
मी इंदूरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. वॉर्डातून लिहून राहिलोय, तुटक लिहिलं तर समजून घ्या. वर कुणी विचारलं नाही, पण प्रत्येक घरात विचारतात म्हणून सांगतो.

हा कॅल्शियम कमी पडल्याचा आजार नाही. हाडात खनिजं बसायला कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा सांगाडा लागतो, तोच सदोष किंवा कमी बनतो. स्लॅबमधली सळई कच्ची असेल तर सिमेंट वाढवून काय होणार? बहुतेकांत दोष COL वन ए वन किंवा वन ए टू या जनुकांत असतो... फोनने इंग्रजी घुसवलं, माफ करा : सीओएल१ए१ आणि सीओएल१ए२. साधारण १५ ते २० हजार जन्मांत एक. टाइप एक ते चार ही विभागणी १९७९ साली सिलेन्स यांनी केली, नंतर आणखी प्रकार सापडले.

आईवडील दोघं निरोगी असतानाही जनुकात नव्याने बदल होऊन हा आजार येतो. तेव्हा "हे कुणाच्या घराण्यातून आलं" यावर सासर-माहेरची भांडणं कृपा करून थांबवा. या भांडणात आजी-आजोबांचीच फळी पुढे असते, मी ओपीडीत बघतो.

दुसरं, मोडलेलं हाड या मुलांत सहसा नेहमीच्याच वेळात जुळतं. पण मोडेल म्हणून मूल हलवलंच नाही तर स्नायू उतरतात, हाड आणखी पातळ होतं आणि पुढचं फ्रॅक्चर लवकर येतं. म्हणून सरकू द्या, लोळू द्या, पाण्यात खेळू द्या. प्लास्टर गरजेपुरतंच.

गच्चीवरची :
डिंकाचे लाडू, नाचणी सत्त्व देऊन बघितलं का कुणी? माझ्या जावेच्या भाच्याला खूप फरक पडला होता, अर्थात त्याचं दुखणं दुसरं होतं.

मालवी_फिजिओ :
@गच्चीवरची ताई, नाचणी द्या, चांगलीच आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसं हवंच, ते रक्त तपासून डॉक्टर ठरवतात. पण त्याने आजार जात नाही. आणि लाडू बेताने. वजन वाढलं की भार त्याच हाडांवर येतो.

निळीशाई :
मी नात. म्हणजे मलाच हा आजार आहे, वय चौतीस, इंदूरचीच. आजी-आजोबांनी लिहा म्हणालात, पण माझे आजोबा आता नाहीत, त्यांच्या वतीने लिहिते.

आजोबा मिलमध्ये होते. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या इंदूरकरांना सांगायला नकोत, परंपरेला शंभर वर्षं होऊन गेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मिलचे कामगार वर्गणी काढून देखावे तयार करतात, हलणारे पुतळे, लायटिंग, रात्रभर मिरवणूक. त्या गर्दीत मला नेणं शक्यच नव्हतं. कुणाचा नुसता कोपर लागला असता तरी बरगडी गेली असती. मिल बंद पडल्यावरही आजोबा झाँकीच्या कामाला जायचे, आणि मला दुपारी बरोबर न्यायचे. सायकलच्या पुढच्या दांड्यावर वेताची बास्केट, तिच्यात फोमचे तुकडे, त्यावर मी. सायकल चालवायचे नाहीत, हातात धरून पायी.

शेडमध्ये रावणाचं डोकं जमिनीवर ठेवलेलं असायचं, माझ्या उंचीला. त्याच्या मिशा मी रंगवल्या आहेत. हनुमानाचा हात वर-खाली करणारी मोटर कशी चालते ते मला चार वर्षांची असताना माहीत होतं. रात्री सगळं शहर ज्यांना लांबून बघायचं त्यांच्या आत बसून मी शेव खाल्ली आहे. आई घाबरायची. आजोबा म्हणायचे, "घरात बसूनही मोडतंच ना? मग बघून तरी येऊ दे." आणि मोडायचंच. एकदा तिथेच मनगट गेलं, मी शिंकले आणि हात दांड्याला आपटला. आजोबांनी झाँकीच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून हाताला बांधला आणि तसेच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बांधणी उत्तम आहे.

वयात आल्यावर फ्रॅक्चर खूप कमी झाले, बऱ्याच जणांचे होतात. दोन्ही मांड्यांच्या हाडांत बसवलेल्या सळ्या आहेत. ऐकू थोडं कमी येतं, तेही याच आजारातून. मी आता मोटर दुरुस्तीच्या नाही, पण मशीन डिझाइनच्या कामात आहे.

पोहेजलेबी :
रावणाच्या मिशा!! मी दरवर्षी बघायचे ते देखावे, कदाचित तुम्ही रंगवलेल्याच बघितल्या असतील.

शांतनिवांत :
गर्दीवरून आठवलं, रंगपंचमीची गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) आमच्या मुलाला (सेरेब्रल पाल्सी आहे) दाखवायची आहे. राजवाड्याजवळ कुणाकडे गॅलरी आहे का? खाली उभं राहणं जमणार नाही.

राजवाड्याजवळची :
@शांतनिवांत, आमच्या गॅलरीत या. पहिल्या मजल्यावर आहे, पण जिना अरुंद आहे, खुर्ची वर आणायला दोघं जण लागतील. मिसाइलने (रंग उंच उडवणाऱ्या यंत्राने) उडवलेला रंग वरपर्यंत येतो, जुने कपडे घालून या.

शांतनिवांत :
खरंच? नक्की येतो. जिरावण मसाला घेऊन येतो, घरी केलेला.

गच्चीवरची :
जिरावणात सुंठ घालता का?

शांतनिवांत :
घालतो, थोडीच. आणि काळं मीठ जरा जास्त.

ग्वाल्हेरची_लेक :
वहिनीच्या मुलाला हाच आजार आहे, म्हणून विचारते. पामिड्रोनेट नावाचं औषध सुरू करायचं म्हणतात. तीन दिवस सलाइन. कुणी घेतलं आहे का? लेकराला फार त्रास होतो का?

तिघांचा_बाबा :
आमचा टाइप एक, तरी डॉक्टरांनी दिलं होतं, वारंवार मोडत होतं म्हणून. पहिल्या वेळी ताप आला, अंग दुखलं, रात्रभर कण्हत होता. हे होतं, असं आधीच सांगितलेलं होतं. पुढच्या वेळी तसं झालं नाही. सर्वांत वाईट शीर सापडेपर्यंतचा वेळ. तेव्हा बाबा त्याच्या कानाशी सतरापर्यंतचे पाढे म्हणायचे, तो मध्येच चूक पकडायचा. बाबा मुद्दाम चुकायचे.

मालवी_फिजिओ :
@ग्वाल्हेरची_लेक, आधी रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासलं का, एवढं विचारा. दातांची तपासणीही आधी करून घ्या. पामिड्रोनेट काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. काही ठिकाणी झोलेड्रोनेट देतात, ते एकाच बैठकीत होतं. वहिनींच्या मुलासाठी कुठलं, ते त्याचे डॉक्टर सांगतील. हाडाची घनता वाढते, दुखणं बऱ्याच मुलांचं कमी होतं, पण कोलॅजन बदलत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात हा आजार आहे, त्यातून काही मदत मिळते का तेही विचारून ठेवा.

निळीशाई :
आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा, शाळेत उपयोगी पडतं. मला एका शाळेने "जबाबदारी कोण घेणार" म्हणून नाकारलं होतं. दुसऱ्या शाळेत आजोबा पहिले दोन महिने वर्गाबाहेर बाकावर बसून राहिले. उम्मुल खेर यांच्याबद्दल मुलांना सांगा, हाच हाडांचा आजार, कितीतरी फ्रॅक्चर, आणि २०१६ ची यूपीएससी ४२० व्या क्रमांकाने पास.

नवी_आई_सुदामानगर :
पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा चौदा महिन्यांचा, मागच्या महिन्यात निदान झालं. सासूबाई आधी त्याला खाली ठेवायच्या नाहीत. आता हात लावत नाहीत. दाराशी खुर्ची टाकून बसतात, लांबून गाणी म्हणतात. तो त्यांच्याकडे हात पसरतो आणि त्या पदर डोळ्याला लावतात. त्यांच्या हातून काही होईल अशी धास्ती घेतलीय. मी काय बोलू त्यांच्याशी?

राजवाड्याजवळची :
काही बोलू नका. आधी त्यांना गादीवर आडवं व्हायला सांगा आणि बाळाला तुम्ही त्यांच्या कुशीत ठेवा. उचलायचंच नाही, म्हणजे भीती निम्मी जाते. दोघं एकमेकांच्या अंगाला सरावले की उशीवर ठेवून मांडीत द्या. नुसतं उचलणं सर्वांत शेवटी, आणि ते मोठ्या बाहुलीवर आधी. आमच्याकडे मालिशवाल्या बाईंनी असंच केलं.

एक सांगते, मोडलं तर ते त्यांच्या हातून मोडलं असं घरात कुणी म्हणायचं नाही. हे तुमच्या यजमानांनी स्वतः त्यांच्यासमोर बोलून दाखवायला हवं. आमच्याकडे मुलाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "आई, तुझ्याकडे असताना मोडलं तरी मी तुलाच देणार." त्या बळावर मी तिला सांभाळलं.

नवी_आई_सुदामानगर :
यजमानांना आत्ताच वाचायला दिलं. ते बाहेर खोलीत गेले आहेत त्यांच्याजवळ.

मालवी_फिजिओ :
सासूबाईंना घेऊन या हवं तर, मी एकदा दाखवून देईन. व्यनि (खासगी निरोप) करतो.

राजवाड्याजवळची :
त्याआधी आमच्याकडे या. माझी नात शिकवेल, तिला आवडतं. झबल्याचा कागदी बेत अजून जपून ठेवलाय, तोही देते. रविवारी चालेल का?

नवी_आई_सुदामानगर :
रविवारी येतो चौघं. सासूबाई विचारतायत, झबल्याला कापड किती लागेल?

राजवाड्याजवळची :
एका जुन्या सुती साडीत बरीच होतील. नवं कापड आणू नका, खरखरतं.