प्रिन्स-टू : कागदांचे ओझे की ठरलेली मुभा?

प्रिन्स-टू ही प्रकल्प व्यवस्थापनाची पद्धत म्हणजे सल्लागारांनी ग्राहकाच्या गळ्यात घातलेले कागदांचे ओझे, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. १९९६ साली ब्रिटिश सरकारी यंत्रणेतून आलेल्या या पद्धतीच्या ७ तत्त्वांपैकी एक तत्त्वच मुळी ती प्रकल्पाच्या आकाराप्रमाणे बेतून घेण्याचे आहे. ते पाळले जात नाही, हा दोष वापरणाऱ्यांचा.

या मतात 'टॉलरन्स'चा, म्हणजे ठरलेल्या खर्चापासून आणि वेळेपासून किती ढळता येईल याच्या आधीच ठरवलेल्या मुभेचा, मुद्दा येत नाही. डेटा स्थलांतराच्या एका कामात आम्ही खर्चात १० टक्के आणि वेळेत २ आठवडे एवढी मुभा आधीच लिहून घेतली होती, त्यामुळे किरकोळ बदलांसाठी प्रकल्प मंडळाची, म्हणजे प्रकल्पाचे मोठे निर्णय घेणाऱ्या गटाची, बैठक बोलवावी लागली नाही आणि मुभा ओलांडली जाईल असे दिसताच निर्णय मंडळाकडे गेला. मंडळावरचा वापरकर्त्यांचा प्रतिनिधी मात्र नावापुरताच होता, आणि ते आम्हाला चाचणीच्या वेळी महागात पडले.