मदत हवी आहे: हॉट ज्युपिटरवर पाणी खरंच कमी आहे की ढगांनी झाकलंय?

कळव्याची_केतकी:
नमस्कार मंडळी, मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज ठाण्यातच. प्रोजेक्टला हॉट ज्युपिटरचं (ताऱ्याला चिकटून फिरणाऱ्या, तापलेल्या गुरूसारख्या ग्रहांचं) वातावरण हा विषय मीच हट्टाने घेतला, गाईड मॅडमचा विषय सॉलिड स्टेट त्यामुळे त्या म्हणाल्या कर पण अडलीस तर बाहेर विचारावं लागेल, आणि आता अडलेय. सबमिशनला १२ दिवस राहिलेत.

माझा ग्रह एचडी २०९४५८ बी, ताऱ्यासमोरून जाताना पकडला गेलेला पहिला बाह्यग्रह (दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह), १९९९ सालचा. साडेतीन दिवसांत एक फेरी मारतो, आकार गुरूच्या जवळजवळ १.४ पट पण वस्तुमान गुरूच्या ७० टक्केच, तापमान १४०० केल्विनच्या वर. इतका फुगलाय की त्याची स्केल हाईट (जेवढं वर गेल्यावर हवेचा दाब साधारण एक तृतीयांशावर येतो ती उंची) माझ्या हिशोबाने साडेपाचशे किलोमीटर येते, आपल्या पृथ्वीची फक्त साडेआठ आहे. मागच्या नोव्हेंबरात वांगणीला त्याचा तारा दुर्बिणीतून पाहिला, भाद्रपदांच्या चौकोनाच्या पश्चिमेला, दिसायला साधा ठिपका पण हाच तो म्हणून मी कितीतरी वेळ डोळा लावून बसले होते.

तर प्रॉब्लेम असा. हबल अवकाश दुर्बिणीचा १.१ ते १.७ मायक्रॉनचा (इन्फ्रारेड प्रकाशाचा) डेटा घेतलाय, त्यात १.४ मायक्रॉनला पाण्याचा उंचवटा दिसतो, म्हणजे पाण्यामुळे ताऱ्याचा प्रकाश तिथे जरा जास्त अडतो, पण तो जेमतेम ०.०२ टक्के, स्वच्छ वातावरण धरलं तर याहून बराच मोठा यायला हवा. टाऊरेक्समध्ये (वातावरणाचं मॉडेल डेटाशी जुळवून बघायचं सॉफ्टवेअर) ढग बंद ठेवून फिट केलं तर पाणी लाखात एखादा रेणू एवढंच येतं. ढग चालू केले की तेच पाणी दहा हजारात पाच-सहा रेणूंवर जातं, म्हणजे सूर्यासारख्या मिश्रणात असायला हवं साधारण तेवढं. दोन्ही फिट दिसायला सारखेच चांगले. आणि गोंधळ म्हणजे ढगाच्या माथ्याचा दाब १००० येतोय. १००० बार, म्हणजे पृथ्वीवरच्या हवेच्या जवळजवळ हजारपट दाब, म्हणजे केवढं खोल, तिथल्या ढगाने वरच्या पाण्यावर एवढा फरक कसा पडेल? चार रात्री झाल्या, आई म्हणते झोप आता, पण डोक्यातून जात नाही. प्लीज कोणी सांगा.

घोडबंदर_८८:
लोखंडाचा पाऊस पडतो म्हणतात तो हाच का ग्रह?

कळव्याची_केतकी:
नाही दादा, तो वास्प-७६ बी, २०२० मध्ये चिलीच्या मोठ्या दुर्बिणीवरून दिसलं ते. तो खूपच जास्त तापलेला आहे, दिवसाच्या बाजूला २४०० अंश सेल्सियसच्या वर. माझ्या ग्रहाच्या तापमानाला ढग झाले तर मुख्यतः सिलिकेटचे होतील, म्हणजे दगड ज्याचा बनतो तेच बारीक कणांत. वास्प-१७ बी च्या ढगांत तर वेब अवकाश दुर्बिणीला २०२३ मध्ये क्वार्ट्झचे कण सापडले.

खाडीपूल_वाशी:
केतकी, आधी युनिट बघ बेटा. टाऊरेक्स दाब पास्कलमध्ये घेतं. १००० पास्कल म्हणजे १० मिलिबार, बारचा शंभरावा भाग. तसंही तुझं मॉडेल बहुतेक १० बारला संपत असेल, त्याच्या खाली १००० बारला ढग येणार कुठून? म्हणजे तुझा ढग खोल नाहीये, चांगला वर आहे आणि खालचं पाणी झाकतोय.

आता थोडा ढग एवढं कसं झाकतो ते. मी रोज वाशीच्या खाडीपुलावरून जातो, हिवाळ्यात सकाळी डोक्यावर आकाश निळं असतं पण ट्रॉम्ब्याची टेकडी गायब. धुरकं तेच, पण वर बघताना त्याचा थोडाच थर आडवा येतो आणि समोर बघताना कित्येक किलोमीटरचा. ट्रान्झिटमध्ये, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, ताऱ्याचा प्रकाश ग्रहाच्या कडेने असाच आडवा येतो. तुझ्या ग्रहाची त्रिज्या आणि स्केल हाईट घालून हिशोब केला तर आडवी वाट उभ्या वाटेच्या साधारण ३४ पट निघते. त्यामुळे वरून जवळजवळ पारदर्शक दिसेल असा विरळ थरसुद्धा कडेने अपारदर्शक होतो आणि पाण्याच्या उंचवट्याचा फक्त शेंडा वर राहतो.

कळव्याची_केतकी:
काका!!! पास्कल!! आत्ता इनपुट फाईल बघितली, खरंच पास्कल आहे. चार रात्री मी ढग पाताळात शोधत होते. खूप खूप आभार. पण मग ढगवालंच उत्तर बरोबर असं लिहू का?

ऐरोली_नाईटशिफ्ट:
लगेच नको लिहूस. युनिट सुटलं पण मूळ तिढा तसाच आहे. कमी पाणी आणि स्वच्छ हवा, किंवा भरपूर पाणी आणि वर ढग, एवढ्या छोट्या पट्ट्यात दोन्हींचा उंचवटा सारखाच दिसतो. तुझ्या कॉर्नर प्लॉटमध्ये (फिटमधले आकडे जोडीजोडीने एकमेकांसमोर मांडणारा आलेख) पाणी विरुद्ध ढगाचा दाब बघ, केळ्यासारखा वाकडा आकार असणार. मोठ्या लोकांचंही हेच झालंय, २०१४ मध्ये तुझा ग्रह धरून तीन हॉट ज्युपिटरवर पाणी फार कमी निघालं होतं, ढग न धरता. मग २०१५ च्या शेवटी हबल आणि स्पिट्झर या अवकाश दुर्बिणींनी केलेली दहा ग्रहांची तुलना आली, त्यात दिसलं की जिथे पाणी फिकं तिथे दृश्य प्रकाशात धुरकंही जास्त. पाणी मुळातच कमी असतं तर हे दोन एकत्र का वाढले असते? मला तो युक्तिवाद फार आवडतो.

म्हणून तू दृश्य प्रकाशाचा डेटा जोड, तोही हबलचाच आहे, ०.३ ते १ मायक्रॉन. निळ्याकडे उतार किती आणि सोडियमची रेघ किती रुंद यावरून धुरक्याचा अंदाज येतो. याच ग्रहावर २००२ मध्ये सोडियम सापडलं, कुठल्याही बाह्यग्रहाच्या वातावरणाचा तो पहिला पुरावा, आणि तेही अपेक्षेपेक्षा कमीच भरलं होतं. वेबचा २.३ ते ५.१ मायक्रॉनचा डेटाही आता आहे, त्यात पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साईड दिसतो, पण १२ दिवसांत तो घेऊ नकोस.

खाडीपूल_वाशी:
+१. आणि अजून एक, ढग सगळ्या कडेवर सारखा धरू नकोस. एक कड पहाटेची, एक संध्याकाळची. वास्प-३९ बी वर वेबने दोन्ही वेगळ्या मोजल्या, पहाटेची साधारण ६०० अंश सेल्सियस आणि संध्याकाळची ८००. थंड बाजूला ढग जास्त असू शकतात. अर्धी कड ढगाळ असा एक रन जमला तर बघ, नाही जमला तर मर्यादांमध्ये लिही.

कळव्याची_केतकी:
दृश्य प्रकाशाची फाईल मिळाली, रन लावलाय, लॅपटॉपचा पंखा ओरडतोय. केळ्याचा आकार अगदी सांगितलात तसाच आहे, तो प्लॉट मी रिपोर्टमध्ये पहिलाच टाकणार. एक शेवटचं, दोन उपकरणांचे डेटा जोडताना मध्ये पायरी दिसतेय, निळ्या भागात ट्रान्झिट खोली (ताऱ्याचा किती प्रकाश अडला ते) थोडी वर. हा उतार धुरक्याचा समजू का?

ऐरोली_नाईटशिफ्ट:
ही पायरी उपकरणांतल्या फरकाचीही असू शकते. दोघांमधला ऑफसेट, म्हणजे मोजमापातला सरसकट वरखाली फरक, फिटमध्ये मोकळा सोड, एकदा ऑफसेटसकट आणि एकदा त्याशिवाय चालव आणि दोन्हींत पाणी किती येतं ते इथे टाक. मी सकाळी सहाला शिफ्ट सुटली की बघतो.